नाकानं पास केलेला माल

३ नोव्हेंबर, बारामती

सारजेनं दिवाळीत ही वही दिली. म्हणाली, "तोंडानं जे बोलता ते हितं लिवत जावा, म्हंजे घरातल्यांचे कान सुटतील." लग्नाला इतकी वर्षं झाली, बायकोकडून मिळालेली ही पहिली भेट. कानांसाठी का होईना.

वही नवी आहे, तिला माझी ओळख नाही, म्हणून सांगून ठेवतो. मी जोतीराम. घरात, गावात आणि मार्केट यार्डात तात्या. बारामतीत केळी पिकवायच्या माझ्या चार चेंबर आहेत. बावडा, कळस या बाजूचा कच्चा माल येतो, चेंबरमध्ये पिकतो आणि गाड्या भरून जातो. बाकीचे व्यापारी मीटरचा आकडा बघून माल काढतात. मी दार उघडतो, एक श्वास घेतो आणि सांगतो, हा आज जाईल, तो उद्या. यार्डात माझ्या नाकाला मान आहे. माणसाला तितका नाही, पण नाकाला आहे.

आता पहिली तक्रार. कोथिंबिरीला वास राहिलेला नाही. आज जुडी आणली, देठ मोडून बघितला, हिरवा कागद मोडावा तसा. सारजा म्हणाली, "अवो, घमघमतीय की." बायकांना हल्ली काहीही घमघमतं. चहाचंही तेच. गवती चहा घातला म्हणे. पातेल्याला नुसता दाखवून परत कुंडीत लावला असणार.

गणपतीत मला ताप येऊन गेला तेव्हापासून बघतोय, जगाचा दर्जाच घसरलाय. डॉक्टरनं गोळ्या मला दिल्या. द्यायला पाहिजे होत्या बाजाराला.

९ नोव्हेंबर, कळस

आज गावी. थोरल्या भावाकडं, म्हणजे कुंडलिकआबांकडं, पंचायत बसली. विषय निकिता. निकिता ही आबांची पोरगी. फिनलंडला शिकायला गेली, दोन वर्षं राहिली. परदेशातून लोक चॉकलेट आणतात, हिनं बिअर आणली. तीही बाटलीत नाही, डोक्यात. तिथं ज्यांच्या घरी भाड्यानं राहत होती, ते शेतकरी म्हातारा-म्हातारी घरच्या घरी 'साहती' नावाची बिअर काढायचे. जवाची, जुनिपर नावाच्या झुडपाच्या फांद्यांतून गाळलेली. ती हिच्या मनात भरली. मुली परदेशात जाऊन मुलगा मनात भरवून येतात, ते परवडलं असतं, असं आबांचं मत.

आबांच्या गळ्यात माळ. दारूच्या दुकानावरून जाताना छत्री आडवी धरणारा माणूस. त्यांच्याच मळ्यात, ठिबकच्या पाइपा ठेवायच्या शेडमध्ये, पोरीनं टाक्या बसवल्या. लायसन मिळालं. ते कसं मिळालं त्याला वेगळी वही लागेल. आबा वर्षभर गप्प होते, आज बोलले.

"ह्या घरातनं खराब माल आजवर भायेर गेला न्हाय. पेरू असू द्या न्हायतर केळं. ह्यो माल बी घरच्या नाकानं पास झाला तर जाईल. जोत्यानं वास घेऊन व्हय म्हणलं, तर शेड तुझी. न्हाय म्हणलं, तर परत पाइपा."

मला वाटलं पोरगी भांडणार. ती हसली. म्हणाली, "आबा, मी तात्यांसाठीच थांबलेय. चांगल्या साहतीला पिकल्या केळ्याचा वास येतो. तो तात्यांच्या एवढा कळणार कुणाला?"

छाती फुगली, खोटं कशाला बोलू. पुण्याहून सुकन्याबाई म्हणून कुणी येणार आहेत, तीस तारखेला. चार-पाच मोठ्या हॉटेलांत काय प्यायचं ते त्या ठरवतात. त्यांनी पसंत केलं तर निकिताचं दुकान लागलं, नाहीतर गुंडाळलं. आणि त्यांच्या आधी पसंती माझी. पुण्याच्या बाईच्या आधी कळसचा माणूस! असं रोज घडत नाही.

१६ नोव्हेंबर, कळस

पहिली चव. त्याआधी पोरीनं सगळी कृती दाखवली. लाकडाची लांब डोण, शेळ्या-मेंढ्यांना पाणी पाजायची असते तशी. तिच्या तळाशी जुनिपरच्या फांद्यांची गादी. त्या फांद्या हिमाचलातून पोत्यात येतात. आपल्या मेंढरांनी तोंड लावलं नसतं असला काटेरी पाला. वरून जवाचा गरम रस ओतायचा, तो फांद्यांतून झिरपून खाली येतो. मग पावाचं यीस्ट घालायचं आणि थंडाव्याला ठेवायचं. फेस नाही, गॅस नाही, चमक नाही. ताजी असतानाच प्यायची, नाहीतर पंधरवड्यात आंबते. रंग म्हणाल तर पावसाळ्यातल्या ओढ्याचा.

मी ग्लास घेतला, डोळे मिटले, सगळे माझ्याकडं बघत होते. हुंगलं. घोट घेतला. दाट, थोडी गोड, थंड. वास? शून्य. मी परत हुंगलं. शून्य.

"पाणी हाय गं पोरी," म्हणालो. "ह्यात ना केळं ना झाडपाला. फिनलंडच्या म्हाताऱ्यानं भाडं जास्त घेतलं आणि विद्या कमी दिली."

रतन मागं उभा होता. रतन माझ्या चेंबरवर असतो, आज गाडी घेऊन आलेला. त्यानं ग्लासात नाक घातलं आणि म्हणाला, "तात्या, केळं हाय की! लई झकास." आता हा माणूस दिवसभर केळ्यात बसतो, ह्याच्या बनियनलाही केळ्याचा वास. ह्याचं काय घेऊन बसायचं?

निकिताला सांगितलं, फांद्या दुप्पट घाल. ती म्हणाली, "तात्या, जुनिपर जास्त झालं तर कडू होईल, फिनेलसारखं लागेल." मी फक्त बघितलं तिच्याकडं. तिनं "बरं" म्हणलं. घरातल्या वळणाची पोरगी आहे.

२० नोव्हेंबर, बारामती

चेंबर तीनच्या मालाची तक्रार. माल दुकानात पोचेपर्यंत काळा पडला म्हणे. मी स्वतः दार उघडून सांगितलं होतं, अजून दोन दिवस थांबा. बावड्याच्या शेतकऱ्यांनी घड उशिरा कापला असणार. चूक त्यांची, फोन मला.

संध्याकाळी दूध तापवायला ठेवलं. ज्योत वाऱ्यानं विझली असेल, मला काय माहीत. मी शेजारीच पेपर वाचत होतो. सारजा बाहेरून धावत आली, खिडक्या उघडल्या, बटण बंद केलं आणि माझ्यावर ओरडली, "घरभर गॅस सुटलाय, तुमास्नी वास येत न्हाय व्हय?" म्हणालो, येत असता तर बसलो असतो का? ती माझ्याकडं बघत राहिली. मग पदरानं तोंड पुसत आत गेली. गॅस सुटला की बायका भावुक होतात, हे मला नवीन.

२३ नोव्हेंबर, कळस

आज सारजाही बरोबर आली. स्वतःहून. निकितानं दोन ग्लास ठेवले. म्हणाली, "तात्या, एक पहिला आहे, एक दुप्पट फांद्यांचा. कुठला कुठला ते सांगा."

परीक्षा! माझी! हरकत नाही, दोन्ही हुंगले, दोन्ही चाखले. दुसरा जरा जिभेला चरचरला, बाकी सारखंच पाणी. म्हणालो, "दोन्हीत एकच भरलंयस. तात्याला बनवतीस व्हय?"

आबा हसले. "जोत्याला फसवणं सोपं न्हाय."

निकिता हसली नाही. किती वेळ माझ्याकडं बघत होती. मग सारजेला घेऊन आत गेली. दोघींची कुजबुज चालली होती. मी पाणी मागायला गेलो तर दोघी गप्प, पोरीचे डोळे लाल. चुलीचा धूर असेल. चूल काही पेटलेली नव्हती, पण असेल. फाल्गुनात मला साठ लागतात, त्याचं काहीतरी गुपचूप ठरतंय असा माझा अंदाज आहे. घड्याळ नको म्हणावं, दोन पडून आहेत.

जाताना शेवटचं सांगितलं, "फांद्या तिप्पट. आणि ती जुनिपरची फळं असतात ना, ती कुटून घाल मूठभर. पुण्याच्या बाईला कळलं पाहिजे काय पितेय ते."

निकिता म्हणाली, "तुमच्या नावाचं एक पिंप करते तात्या." माझ्या नावाचं! आयुष्यात माझ्या नावावर जमीन झाली, गाड्या झाल्या, पिंप राहिलं होतं.

३० नोव्हेंबर, कळस

लिहायला हात उठत नाही, पण राग कुठंतरी काढला पाहिजे.

सुकन्याबाई आल्या. साधी सुती साडी, गाडीतून उतरल्या उतरल्या आबांना वाकून नमस्कार. आबा निम्मे तिथंच विरघळले. पडवीत बैठक घातली होती. निकिता आतून साहतीचा जग भरून आणत होती, तेवढ्यात मी उठलो. घरी आलेल्या पाहुण्याला पहिला ग्लास घरातल्या मोठ्या माणसानं द्यायचा, ही आपली रीत. आबा द्यायचे नाहीत, मग मी. निकिता म्हणाली, "तात्या, बसा, मी आणलीय भरून." म्हणालो, "ती ठेव बाजूला. माझ्या नावाचं पिंप असताना दुसरं कशाला?" आणि स्वतः गेलो, स्वतः भरलं, स्वतः दिलं. निकिता दारात उभी राहिली. हातातला जग तिनं खाली ठेवलाच नाही.

बाईंनी एक घोट घेतला. गिळावा का नाही, असं त्यांच्या तोंडावर स्पष्ट दिसलं. गिळला. डोळ्यांत पाणी आलं. पाण्याचा पेला मागितला, मग दुसरा. निकिताला हळूच म्हणाल्या, "हे… जुनिपर फारच झालंय. फरशी पुसायचं असतं ना, तसं लागतंय."

मी म्हणालो, "बाई, सवय नसेल तुमास्नी." आणि उरलेला ग्लास त्यांच्यासमोर गटागटा पिऊन दाखवला. जीभ जरा कडवटली, बाकी काही लागलं नाही. बाई माझ्याकडं बघतच राहिल्या. वाटलं, कौतुकानं.

मी वाट बघत होतो, पोरगी आता बोलेल, तात्यांनी सांगितलं होतं म्हणेल, मग मी बघतोच. ती म्हणाली, "चूक माझी आहे मॅडम. माप माझंच चुकलं." बाई चहा न घेता गेल्या.

आबा उठले. "आठ दिवसांत शेड मोकळी कर," एवढंच बोलले आणि मळ्यात गेले. निकिता डोणीतल्या फांद्या काढत बसली. रडत नव्हती, नुसत्या फांद्या काढत होती. बरं वाटेना मला. पण चूक तिनं स्वतःच्या तोंडानं कबूल केली, हेही खरं आहे ना?

१ डिसेंबर, कळस

शेड मोकळी करायला मदत करावी म्हणून राहिलो. आणि काय सापडलं? पोत्याआड झाकलेलं दुसरं पिंप. भरलेलं. पहिल्याच मापाचं. म्हणजे काल पोरीच्या हातातल्या जगमध्ये होतं ते हे! माझं नाव दिलेलं पिंप नुसतं शोभेचं! माझा असा अपमान मार्केट यार्डात दलालांनीसुद्धा केला नाही.

सारजेवर ओरडलो, तुला माहीत होतं ना? ती पेरू चिरत होती. सुरी खाली ठेवली आणि म्हणाली,

"व्हय, म्हायीत हुतं. तुमचं नाक गेलंय. तापात गेलं. गणपतीपासनं घरातलं नासलेलं दूध मी वतून टाकतीया, आन रतन चेंबरला तुमच्या आधी जातोय. त्या पोरीला दोन ग्लास ठेवलं त्या दिवशी कळलं. म्हणाली, काकू, आबांच्या म्होरं तात्यांचं नाक गेलं असं मी कशी सांगू? त्यांची सगळी इज्जत त्येच्यावर हाय. म्हणून येगळं पिंप केलं. तुमी उठून वाढायला जाल, हे कुणाला ठावं हुतं?"

म्हणालो, काहीतरी बोलू नको. आणि बाहेर येऊन बसलो.

२ डिसेंबर, बारामती

सारजा देवळात गेल्यावर स्वयंपाकघराचं दार लावलं. हिंगाची डबी उघडली. काही नाही. लसूण ठेचला. काही नाही. गोडा मसाला, कापूर, मोरीतलं फिनेल. गणपतीतला बाम सापडला, तो नाकाला फासला, नुसतं गार लागलं. शेवटी कांदा फोडला. डोळ्यांतून पाणी आलं, वास आला नाही. मग ते पाणी थांबेना. कांद्याचंच असावं.

नाही. ही वही माझी एकट्याची आहे, इथं कशाला सोंग? घाबरलो मी. चेंबर नंबर दोन उघडून आत उभा राहिलो. सगळीकडं पिवळंधमक झालेलं, आणि मी म्हणजे बंद टीव्हीसमोर बसलेला माणूस. रतन बाहेर उभा होता. त्याला म्हणालो, "आजपासून मीटर बघून माल काढ." तो म्हणाला, "व्हय तात्या." एवढ्या लगेच व्हय म्हणायची काही गरज नव्हती.

मग निकिता आठवली, फांद्या काढणारी. चूक माझी म्हणाली. माझी.

३ डिसेंबर, कळस

सकाळीच गावी गेलो. आबा ओट्यावर, निकिता शेडमध्ये, रतन गाडीपाशी. सुकन्याबाईंना फोन लावला आणि स्पीकर चालू केला. निकिता धावत आली, "तात्या, नको." तिला हातानं थांबवलं.

"बाई, मी कळसचा जोतीराम. तुमास्नी फिनेल पाजलं त्यो. त्यात पोरीची चूक न्हाय. माझं नाक गेलंय, तीन महिनं झालं. मला कशाचाच वास येत न्हाय, आन मीच तिला घाल घाल म्हणून सांगितलं. तिचा खरा माल येगळ्या पिंपात तसाच हाय. चार-पाच दिवसांत आला न्हाईत तर आंबंल. एकदा या. आवडला न्हाय तर पुन्हा फोन करणार न्हाय."

 बाई म्हणाल्या, रविवारी सोलापूरला निघालेय, हायवे सोडून वाकडी वाट करून येईन.

फोन ठेवला. आबा माझ्याकडं बघत होते. म्हणाले, "जोत्या, मला सांगायचंस की." म्हणालो, "मलाच कुणी सांगितलं न्हाय आबा." निकिता माझ्या खांद्याला डोकं लावून उभी राहिली. रतन गाडीपाशी फोनवर होता. दुपारपर्यंत अख्ख्या यार्डाला कळलं असणार. संध्याकाळी एकाचा फोन आला, चौकशीला. आवाजात दुःख इतकं, की हसू लपत नव्हतं.

७ डिसेंबर, कळस

बाई आल्या. मी कोपऱ्यातल्या खुर्चीत बसलो, कशालाही हात न लावता. निकितानं तिच्या पिंपातली साहती दिली. बाईंनी जपूनच घोट घेतला, बिचाऱ्यांचं बरोबर होतं. मग थांबल्या. बोलायच्या आधी दुसरा घोट घेतला, मग तिसरा. म्हणाल्या, "आठवड्याला किती देऊ शकशील?" निकितानं दोन्ही हात तोंडावर धरले.

पण आबा ते आबा. "बाईंचं झालं. घरचं राहिलं की. घरच्या नाकानं पास झाल्याबिगर माल जाणार न्हाय, म्हणलं हुतं मी."

सवयीनं सगळ्यांच्या माना माझ्याकडं वळल्या. म्हणालो, "माझ्याकडं बघू नका. हे नाक आता फक्त चष्मा टेकवायला."

 आबांनी गळ्यातल्या माळेला हात लावला, जरा विचार केला आणि म्हणाले, "वास घ्यायला माळ आडवी येत न्हाय." दोन्ही हातांनी ग्लास धरला, लांबूनच हुंगलं, आणि मान हलवली.

"चांगलाय."

झालं. शेड राहिली. निकिता त्यांच्या पाया पडली, बाई टाळ्या वाजवायला लागल्या, सारजा आत साखर आणायला पळाली. सगळे उठले. मी आबांचा हात धरला.

"चांगलाय म्हंजे?"

"म्हंजे चांगलाय."

"अवो पण कसा? केळं हाय?"

"हाय की."

"कंचं? नुकतं पिवळ्यावर वळलेलं, का पिकून मध धरलेलं? का सालीला ठिपकं आल्यावर येतो त्यो?"

आबांनी पुष्कळ विचार केला. "केळ्यावानी केळं," म्हणाले.

जन्मभर मी चेंबरच्या दारात उभा राहून दुनियेला वास सांगितला. आणि मला सांगायची वेळ आली तेव्हा देवानं माझ्यापुढं कुणाला उभं केलं, तर केळ्यावानी केळं म्हणणाऱ्या ह्या माणसाला! राग आला, हसूही आलं.

म्हणालो, "आबा, परत घ्या वास. सावकाश घ्या, आन नीट सांगा. मला कायबी येत न्हाय वो."

आबांनी माझ्याकडं बघितलं. बाजूची खुर्ची ओढून माझ्याजवळ बसले. आणि सत्तरीच्या त्या माळकरी माणसानं, सगळ्यांच्या समोर, मिशी भिजेपर्यंत नाक बिअरच्या ग्लासात घातलं, आणि कितीतरी वेळ वर काढलं नाही.